उपचार मोठ्यांना, लस मुलींना



या महिन्याचा विषय वाचताना काही घरांत आवाज आपोआप खाली जाईल. जननेंद्रियावर किंवा त्याच्या आसपास उठणाऱ्या चामखिळी, म्हणजे आपल्या घरांतील बोलीत मस्से, यांच्याविषयी आम्ही लिहीत आहोत. हे मस्से ज्या विषाणूमुळे येतात त्याचे नाव एचपीव्ही. त्याच विषाणूच्या काही दुसऱ्या जातींमुळे बायकांना पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. या दोहोंना आवर घालणारी लस आज आपल्याच राज्यात, पुण्यात तयार होते.

पालक सभा संपल्यावर काही माता मागे रेंगाळतात आणि हळूच विचारतात, "ही लस कशाची आहे? मुलीला द्यावी का? दिली तर लोक काय म्हणतील?" वर्गात उभ्या-उभ्या द्यावे असे हे उत्तर नव्हे, म्हणून ते इथे देत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. घोटीसारख्या गावात शिक्षकाला अभ्यासाखेरीज बरेच काही विचारले जाते, तेव्हा नीट माहिती घेऊन बोलणे एवढे तरी आमच्याकडून व्हावे.

ज्यांना हा विषय मासिकात नको वाटेल त्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. मदिनेच्या अन्सारी स्त्रिया शरीराच्या पाकीविषयीचे नाजूक प्रश्न थेट विचारत, आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी त्याबद्दल त्यांचे कौतुक केले होते. हया आपल्याला प्रिय आहे, पण आजार लपवून वाढवण्यासाठी ती दिलेली नाही.

मस्से म्हणजे काय?

एचपीव्हीच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. हातापायांवरच्या साध्या चामखिळीही यातल्याच काही जातींमुळे येतात. साधारण चाळीस जाती जननेंद्रियाच्या भागात वाढतात. त्यांतल्या ६ आणि ११ क्रमांकाच्या जातींमुळे तिथल्या मश्शांपैकी सुमारे ९० टक्के मस्से येतात. या दोन जातींमुळे सहसा कर्करोग होत नाही. १६ आणि १८ या जातींमुळे मस्से येत नाहीत, त्या वर्षानुवर्षे गुपचूप राहतात, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण सातांच्या मागे त्याच असतात. म्हणून मस्से आले म्हणजे कर्करोग झाला, असे कोणी घाबरू नये. मात्र एक जात आली तिथे दुसरीही आलेली असू शकते, म्हणून स्त्रियांनी तपासणी टाळू नये.

मस्से मऊ, कातडीच्या रंगाचे किंवा थोडे काळपट असतात. कधी एकच असतो, कधी फुलकोबीसारखा पुंजका. बहुधा दुखत नाहीत, कधी खाज येते. शौचाच्या जागेजवळ आले की लोक त्यांना मूळव्याधीचा मोड समजतात. आपल्या बोलीत दोन्हींना मस्सेच म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. मग महामार्गालगतच्या भिंतींवर रंगवलेल्या 'मूळव्याध, भगंदर, गुप्तरोग' अशा जाहिरातींतले दुकान गाठले जाते, पैसे जातात, कातडी भाजून निघते आणि मस्से राहतात ते राहतातच.

दोष कोणाचा?

आजारापेक्षा मोठे नुकसान या प्रश्नाने होते. आमच्या परिचयातील एका घरात निकाहाला तीन वर्षे झाल्यावर सुनेला मस्से आले. घरात कोणी डॉक्टरचे नाव काढले नाही. पहिला प्रश्न झाला, "हे आणलेस कुठून?" सून पाच महिने माहेरी राहिली. शेवटी तिच्या मामूंनी पती-पत्नी दोघांना एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी दोघांना शेजारी बसवून समजावले, दोघांना तपासले. पतीलाही बारीक मस्से होते, त्याने ते कधी पाहिलेच नव्हते. औषधाने तीन महिन्यांत दोघेही बरे झाले. त्या दोघांत पहिल्यासारखा मोकळेपणा यायला मात्र वर्ष लागले.

म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यावी. हा विषाणू मुख्यतः शारीरिक संबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. ते झाकण्यात अर्थ नाही. पण शरीरात शिरल्यावर मस्से दिसायला कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने आणि काही वेळा वर्षेही लागतात. बहुतेकांना तर तो येऊन कधी गेला हेही कळत नाही, शरीरच त्याला एक-दोन वर्षांत हटवते. तो कोणाकडून आला, कधी आला, हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. पतीच्या अंगात निकाहाआधीपासून असेल, पत्नीच्या आधीच्या निकाहातून आला असेल. ज्याला आधी मस्से दिसले त्यानेच आणले, असे अजिबात नाही. ज्या गोष्टीचा पुरावाच असू शकत नाही, तिच्यावरून एखाद्या स्त्रीवर बोट ठेवणे किती मोठा बोहतान आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एक अपवाद आहे आणि तो गांभीर्याने घ्यायचा. लहान मुलाच्या किंवा मुलीच्या त्या भागात मस्से दिसले तर मुलाला रागावू नका, लपवूही नका. हाताच्या चामखिळीच्या स्पर्शानेही ते येऊ शकतात. पण कोणी मुलाशी वाईट वागले आहे का, हेही पाहावे लागते. बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.

उपचार कोणते?

पहिली पायरी ओळख पटवण्याची. गरमी, म्हणजे सिफिलिस, या आजारातही त्या जागी मश्शांसारखे चट्टे येतात, त्याचे औषध अगदी वेगळे असते. म्हणून डॉक्टर रक्ताची व्हीडीआरएल आणि एचआयव्हीची तपासणी सांगतात. ती नेहमीची पद्धत आहे, संशय घेतला म्हणून रागावू नये.

मश्शांवर औषध लावणे, गोठवणे, जाळणे आणि कापणे असे चार मार्ग आहेत. पोडोफायलिन किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल डॉक्टर स्वतः लावतात. इमिक्विमोडसारखे क्रीम रुग्णाने घरी लावायचे असते, आठवड्यातून तीन रात्री, सकाळी धुऊन टाकायचे, जास्तीत जास्त सोळा आठवडे. द्रवरूप नायट्रोजनने मस्से गोठवतात, विजेच्या सुईने किंवा लेझरने जाळतात, मोठा पुंजका असेल तर भूल देऊन कापतात. कोणता मार्ग घ्यायचा हे मश्शांची जागा, संख्या आणि रुग्णाची स्थिती पाहून ठरते.

गरोदर बाईने डॉक्टरांना गरोदरपण आधी सांगावे. पोडोफायलिन तिला चालत नाही, इमिक्विमोडही सहसा देत नाहीत. गोठवणे किंवा आम्ल लावणे चालते. गरोदरपणात मस्से भराभर वाढतात, बाळंतपणानंतर पुष्कळदा कमी होतात. केवळ त्यांच्यासाठी सिझेरियन क्वचितच लागते.

पहिल्या तीन महिन्यांत मस्से परत येणे नेहमीचे आहे. त्याचा अर्थ औषध खोटे असा नाही. औषध मस्से काढते, विषाणूला शरीर हळूहळू आवरते. धीर धरून पुन्हा जावे. पती-पत्नी दोघांनी तपासून घ्यावे. बरे होईपर्यंत संबंध टाळावेत. निरोधने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण तो सगळी कातडी झाकत नाही.

काही गोष्टी करू नका. चुना, सोडा, ॲसिड लावू नका. केसाने बांधू नका, ब्लेडने कापू नका. पायाच्या चामखिळीची पट्टी तिथे चिकटवू नका. त्या भागातील केस काढण्याची आपल्याकडे रीत आहे. मस्से असेपर्यंत वस्तरा फिरवू नये, त्याने ते पसरतात. कात्रीने बारीक करावेत, आणि काही शंका वाटली तर आलिमांना विचारावे.

जायचे कुठे? घोटीकरांना धामणगावचे एसएमबीटी मेडिकल कॉलेज जवळ आहे. तिथे त्वचारोग आणि स्त्रीरोग हे दोन्ही विभाग आहेत. शासनाची 'सुरक्षा क्लिनिक' नावाची केंद्रे जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत असतात. तिथे अशा आजारांची तपासणी आणि सल्ला मोफत असतो आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवतात. बाईला बाई डॉक्टर हवी असेल तर तसे स्पष्ट सांगावे, तिचा तो हक्क आहे.

मातांची तपासणी : बार्शीने काय शिकवले

एचपीव्हीचे जे ज्ञान आज जगभर वापरले जाते त्यातले बरेचसे मराठी मुलखातल्या खेड्यांतून आले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या आणि परदेशी संशोधकांच्या साथीने, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील गावांत एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. त्यांचे गट पाडून वेगवेगळ्या तपासण्या केल्या, आणि पुढची आठ वर्षे नजर ठेवली. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी आयुष्यात फक्त एकदा झाली होती, त्यातील ३४ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. ज्या गटाची अशी तपासणी झाली नव्हती, तो थोडा लहान असूनही त्यातील ६४ गेल्या. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

त्या शेतात राबणाऱ्या बायका होत्या. त्या तपासणीला आल्या, तर आपल्या खाला, फुफू आणि भाभी का येणार नाहीत? २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने जातात. या रोगाची सुरुवातीची खूण डॉक्टरांना रोग होण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसते. तेव्हाच पकडली तर उपचार लहानसा असतो.

सरकारी आरोग्य केंद्रांत ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी एक साधी तपासणी ठरवून दिली आहे. पिशवीच्या तोंडावर पातळ केलेले ॲसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्याच्या जातीचे औषध लावतात आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. भूल नाही, कापणे नाही. अंगावरून मध्येच रक्त जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त आले असेल, तर पाच वर्षे मोजत बसू नका, त्याच आठवड्यात जा.

मुलींची लस

जर्मनीचे हॅराल्ड झुर हाउसेन यांनी एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचे नाते १९८० च्या दशकात दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. त्यावरून लस निघाली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेली 'सर्व्हावॅक' ही भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही जातींवर आहे, म्हणजे मस्से आणि कर्करोग दोन्हींवर. ९ ते २६ वर्षांच्या मुली आणि मुलगे दोघांनाही ती देता येते. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, त्यापुढे तीन, असे लसीच्या कागदावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की ९ ते २० वयोगटात एक डोसही चालतो.

इतक्या लहान वयात का? आमच्या भागातील शेतकऱ्याला हे समजावणे सोपे जाते. भाताच्या बियाण्याला बीजप्रक्रिया पेरणीआधी करतात. आवणीनंतर करपा पडला की बियाण्याच्या औषधाचा उपयोग नाही, मग फवारणी करावी लागते. लसही तशीच आहे. विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तर पुरेपूर काम करते. अंगात आधीच असलेले मस्से ती घालवत नाही. म्हणून मोठ्यांना उपचार आणि तपासणी, मुलींना लस, अशी वाटणी ध्यानात ठेवावी. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे, कारण कर्करोगाच्या सगळ्याच जाती लसीत नाहीत.

ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना ही लस सरसकट देणे सुरू केले. तिथल्या लैंगिक आरोग्य दवाखान्यांत येणाऱ्या २१ वर्षांखालील मुलींपैकी त्या वर्षी ११.५ टक्क्यांना मस्से होते. २०११ मध्ये हे प्रमाण ०.८५ टक्के झाले. तेव्हा मुलांना लस दिली जात नव्हती, तरी त्या वयाच्या मुलांमधले मस्सेही पुष्कळ घटले.

नेहमीच्या शंका

"यात हराम काही आहे का?" या लसीत जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचासारखा भाग खमिराच्या, म्हणजे यीस्टच्या, पेशींत तयार करतात. जिलेटिन त्यात नाही. मलेशियाने २०१० पासून शाळांतून मुलींना ही लस दिली, बांगलादेशाने २०२३ पासून सुरू केली. हज-उमऱ्याला जाताना मेंदूज्वराची लस आपण घेतोच की.

"मुलीला पुढे मूल होणार नाही?" असे कोणत्याही अभ्यासात आढळलेले नाही. उलट हा कर्करोग झाला तर पुष्कळदा पिशवीच काढावी लागते.

"आपल्यात खतना असते, मग कशाला?" खतन्याने धोका कमी होतो, हे खरे आहे. युगांडात झालेल्या एका चाचणीत पुरुषांमधील एचपीव्हीचे प्रमाण त्यामुळे साधारण एक तृतीयांशाने घटले. पण दोन तृतीयांश उरलेच ना!

"आमची मुलगी नेक आहे, तिला कशाला?" ती नेक आहे आणि निकाहानंतर तिला हे दुखणे होऊ नये, म्हणूनच. तिच्या होणाऱ्या पतीच्या अंगात काय आहे हे ना तिला ठाऊक, ना त्याला. धनुर्वाताची सुई टोचली म्हणून कोणी मुलाला गंजका खिळा शोधायला पाठवत नाही.

"त्रास होतो का?" दंड दुखतो, थोडा ताप येतो. सुईच्या भीतीने काही मुलींना चक्कर येते. मुलीला उपाशीपोटी नेऊ नये आणि नंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवावे. यीस्टची किंवा आधीच्या डोसची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

सही कोणाची?

लसीवरचा अविश्वास सगळाच अडाणीपणातून येत नाही, हेही सांगितले पाहिजे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे एचपीव्ही लसीचा एक प्रकल्प झाला. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे दिसले नाही. पण एक लाजिरवाणी गोष्ट उघड झाली. वसतिगृहांतील कित्येक गरीब मुलींच्या संमतीपत्रांवर आई-वडिलांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

त्याच धक्क्याने देशात चालू असलेला दुसरा एक अभ्यासही थांबला. बार्शी आणि पुणे ही त्याची केंद्रे होती. सुमारे पाच हजार मुलींचा एकच डोस झाला होता, पुढचे राहून गेले. संशोधकांनी त्या मुलींकडे पाठ फिरवली नाही, वर्षानुवर्षे तपासत राहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की एका डोसनेही दहा वर्षांपर्यंत १६ आणि १८ या जातींच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाले. आज जग एका डोसवर विश्वास ठेवते, त्यात या मुलींचा वाटा मोठा आहे.

आम्हा शिक्षकांसाठी यातला धडा सरळ आहे. वर्गशिक्षकाची सही ही आई-बापाची सही नव्हे. शाळेत लसीकरण होणार असेल तर पालकांना आधी बोलावावे, मराठीत आणि उर्दूत समजावून सांगावे, प्रश्न विचारू द्यावेत, घरी जाऊन विचार करू द्यावा. मुलीलाही तिच्या वयाला झेपेल इतके सांगावे. आणि पालकांनी ते पत्र दप्तरात चुरगळू देऊ नये. सही करायची की नाही हा हक्क तुमचा, पण न विचारता, केवळ मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओवरून 'नाही' लिहू नका. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव येथे गोवराची साथ आली. मुंबईत मुले दगावली. टोचून न घेतलेली मुलेच त्यात जास्त सापडली होती.

या महिन्यात एवढे करा

घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर आशाताई, आरोग्य सेविका किंवा बालरोगतज्ज्ञांना विचारा की शासनाकडून सध्या कोणत्या वयाला ही लस मोफत मिळते आणि कुठे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची एक तपासणी ठरवा. सासू आणि सून एकत्र गेल्या तर दोघींचीही भीड चेपते. पतींनी दारापर्यंत सोडायला जावे, आणि मश्शांचा त्रास असेल तर दारातून आतही जावे. अंगावर असे काही दिसले असेल, तर आज रात्री आपल्या जोडीदाराला सांगा. ऐकणाऱ्याने पहिला प्रश्न "कुठून आणलेस?" असा करू नये. "डॉक्टरकडे कधी जायचे?" असे विचारावे.

पुढील महिन्यात, इन्शाअल्लाह, मुलींच्या अंगातले रक्त कमी होणे आणि शाळेच्या डब्यात काय द्यावे, यावर बोलू.